हसणाऱ्यांत मीही होते

ग्रीक भाषेतला एक शब्द मी चौदा वर्षं अर्धवट शिकवला. ह्युब्रिस. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शोकांतिका शिकवताना मी तो फळ्यावर लिहायचे, समोर ‘अहंकार, अति गर्व’ असं लिहायचे, आणि सांगायचे की नायकाला गर्व होतो, तो देवांनाही जुमानत नाही, मग त्याचा नाश होतो. मुलं उतरवून घेत. परीक्षेत तेवढंच विचारलं जाई. मीही एम.ए.ला असंच उतरवून घेतलं होतं. त्या शब्दाचा खरा अर्थ मला कळला तो आमच्या कॉलेजातल्या एका शिपाईबाईंच्या निरोप समारंभानंतर. तेव्हापासून मला स्वतःची जी किळस आलीय ती अजून गेलेली नाही.

कॉलेज बुलडाणा जिल्ह्यात आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. नावं कुणाचीच लिहिणार नाही. मी मेहकरला राहते आणि रोज एस.टी.नं जाणं-येणं करते.

शिपाईबाईंना सगळे मावशी म्हणायचे. त्यांचा नवरा याच कॉलेजात चौकीदार होता. तो साप चावून वारला आणि त्याच्या जागी अनुकंपेवर या लागल्या. तेव्हा त्यांच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी होती आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. कॉलेजला तेव्हा कुंपण नव्हतं. वर्गात बकऱ्या शिरायच्या, त्यांना हाकलण्यापासून तासाची घंटा देण्यापर्यंत सगळं मावशींकडे होतं. मी नोकरीला लागले त्या दिवशी माझ्या टेबलाचा अडकलेला खण त्यांनीच गुडघा लावून उघडून दिला होता. आमच्या दोघींच्याही घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, त्यामुळे बोलायला वेगळी ओळख लागली नाही. डब्यात काही वेगळं असलं की त्या माझ्यासाठी वाटीभर काढून ठेवत.

निरोपाच्या पंधरा दिवस आधी दुपारच्या सुट्टीत त्या स्टाफरूममध्ये आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेली वहीची दोन पानं होती.

“मॅडम, एवढं पाहून द्या. मले भाषण करायचं हाये.”

पानं त्यांनी स्वतः लिहिली होती. ओळी सरळ याव्यात म्हणून पट्टी ठेवून लिहिलेलं दिसत होतं. सुरुवात अशी होती: ‘मी या कालेजात आली तवा मले वाचता येत नव्हतं. मी रोज साहेबाच्या दरवाज्यावरची पाटी पुसतो. पुसता पुसता एक दिवस मले ते अक्षर समजलं. प्राचार्य. माह्या जिंदगीत म्या वाचलेला तो पयला शब्द.’

मी लाल पेन काढलं. ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘पयला’चं ‘पहिला’, ‘पुसतो’चं ‘पुसते’. दोन पानांत मी पन्नासेक ठिकाणी लाल केलं असेल.

हे मी का केलं, ते सांगायला हवं. आमच्याकडच्या बायका ‘मी येतो, मी करतो’ असंच बोलतात. माझी आई आजही तसंच बोलते. मी एम.ए.ला पुण्याला गेले तेव्हा होस्टेलवर पहिल्याच दिवशी म्हणाले, “मी जेवून येतो.” खोलीतली एक मुलगी म्हणाली, “अगं, तू मुलगा आहेस का?” बाकीच्या पलंगावर लोळून हसल्या. सहा महिन्यांत मी माझी जीभ बदलली. इतकी बदलली की आता आई फोनवर ‘मी दवाखान्यात जातो’ म्हणाली तर माझ्या कानाला खटकतं. मावशींचं भाषण सुधारताना मला वाटत होतं, मी त्यांच्यावर उपकार करतेय.

मावशींनी लाल झालेली पानं पाहिली.

“हे काऊन बदलवलं?”

“समोर पाहुणे असतात मावशी. असं बरं दिसतं.”

“बरं दिसते?”

“हो.”

“मंग ठीक हाये. तुमी शिकेल हा, तुमाले जास्त समजते.”

त्यांनी ते पुन्हा स्वच्छ उतरवून काढलं. पुढचे पंधरा दिवस पायऱ्या झाडताना, माठ भरताना त्या पुटपुटत असायच्या. मला गंमत वाटायची. त्या एवढी जीव तोडून तयारी का करताहेत, ते एक दिवस त्यांनीच सांगितलं. मुलगी आता नर्स आहे, खामगावला नोकरी करते. तिचं सासर पिंपळगाव राजाचं. लग्नाच्या वेळी मुलीच्या सासूनं चार बायकांत ‘झाडूवालीची पोरगी’ असा शब्द वापरला होता. त्याच सासूला मावशींनी समारंभाला बोलावलं होतं.

“साहेब सोता माह्या खांद्यावर शाल टाकनार हाये. म्हटलं, पाहून घ्या इहीणबाई, आमची बी काई इज्जत हाये.”

आता साहेबांबद्दल. आमचे प्राचार्य दिसायला भारदस्त, कायम इस्त्रीचा शर्ट, वर बिनबाह्यांचं जॅकेट, मानेला अत्तर. त्यांचाही विषय इंग्रजी. ते बोलायला उभे राहिले की सभा त्यांच्या मुठीत असते. ते याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. फोनवर भावाशी बोलताना ‘काऊन बे, येऊन राह्यला का?’ असं म्हणताना मी त्यांना कितीदा ऐकलंय. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की त्यांची मराठी वेगळी. समोर खालच्या जागेवरचं माणूस सापडलं की त्याला बोलता बोलता खेळवायची त्यांना सवय होती. क्लार्कच्या घोरण्याची नक्कल, ग्रंथपालांच्या टकलावर कविता. ज्याची थट्टा होई तोही हसायचा, कारण हसलं नाही तर पुढच्या वेळी पुन्हा त्याचाच नंबर लागायचा. आम्ही याला ‘सरांचा विनोदी स्वभाव’ म्हणत होतो.

समारंभाच्या दिवशी मावशी जांभळी नवी साडी नेसून आल्या. पहिल्या रांगेत मुलगी आणि तिच्या शेजारी विहीणबाई. शाल झाली, श्रीफळ झालं. कार्यक्रम लांबला होता म्हणून स्टेजवर कचोरीच्या प्लेटी आधीच आल्या होत्या. मावशी माइकसमोर उभ्या राहिल्या तेव्हा सर खात होते.

पहिलं वाक्य त्यांनी नीट वाचलं. मग म्हणाल्या, “मी रोज साहेबाच्या दरवाज्यावरची पाटी पुसतो…” आणि थांबल्या. कागदावर माझ्या सांगण्यावरून ‘पुसते’ लिहिलेलं होतं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, “पुसते.”

सरांनी टेबलावरचा दुसरा माइक ओढला. तोंडातला घास तसाच होता.

“मावशी, एक काहीतरी ठरवा बुवा. पुसतो की पुसते? तुम्ही बाई आहात की बाप्या?”

हॉल हसला. मावशीही हसल्या आणि पुढे वाचायला लागल्या. पण आता त्यांचा कागदावरचा डोळा आणि तोंडातली जीभ यांचं जमेना. ‘मला’ वाचायच्या जागी ‘मले’ आलं. सर माइकमध्ये त्याच आवाजात म्हणाले, “मले!” पुन्हा हशा.

“नाही नाही मावशी, पहिल्यापासून घ्या. आज तुम्ही विद्यार्थिनी आणि आम्ही मास्तर.”

मावशींनी पहिल्यापासून घेतलं. पुन्हा तिथंच अडखळल्या. सरांनी पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावलं. असं चार वेळा झालं. दर वेळी हसू मोठं होत गेलं, कारण आता सगळेच त्या जागेची वाट पाहत होते.

मग सर उठले आणि मावशींच्या हातातल्या कागदावरच्या पुढच्या ओळी त्यांनी वाचून घेतल्या. स्टेजच्या मागे फळा होता. त्यांनी खडू मावशींच्या हातात दिला.

“तुम्ही आयुष्यात पहिला वाचलेला शब्द आमचाच ना? लिहून दाखवा बरं.”

मावशींनी लिहिलं. ‘प्राचाय’ एवढं झालं आणि ‘य’च्या डोक्यावरचा रफार राहून गेला.

सरांनी फळ्याकडे पाहिलं, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “अहो, माझी पगडीच पळवली की मावशींनी!”

तो विनोद चांगला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण चांगला होता. मी हसले. थोडंसं नाही, मान मागे टाकून हसले. माझ्या शेजारच्या मॅडमनी माझा हात धरला होता. त्याही हसत होत्या. पहिल्या रांगेत विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. फक्त मुलगी हसत नव्हती. ती उठली, स्टेजवर गेली, आईच्या हातातला खडू काढून तिनं टेबलावर ठेवला आणि आईचा कोपर धरला.

“झालं माहं,” मावशी माइकमध्ये म्हणाल्या आणि खाली उतरल्या. दुसरं पान त्यांनी वाचलंच नाही.

सरांनी रुमालानं डोळे पुसले. ओठाच्या कोपऱ्याला कचोरीच्या सारणाचा कण चिकटला होता, बोलताना तो वरखाली होत होता. “मावशी आमच्या घरच्याच आहेत,” ते म्हणाले, “म्हणून हक्कानं थट्टा केली.” टाळ्या पडल्या.

भूगोलाच्या सरांनी हे सगळं मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते स्टाफच्या ग्रुपवर आलं. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. मी तो व्हिडिओ उघडला. स्टेजवरून मोबाइल प्रेक्षकांकडे वळतो तिथं तिसऱ्या रांगेत मी दिसते. तोंड एवढं उघडं की दाढेत भरलेली चांदी चमकते. मी ते पाहिलं. स्वयंपाक तसाच टाकून मी बेसिनपाशी जाऊन पुन्हा पुन्हा चुळा भरल्या.

पुढच्या आठवड्यात वर्गात शोकांतिकेचा तास होता. मी सवयीनं फळ्यावर तो शब्द लिहिला, समोर ‘अति गर्व’ लिहिलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, गर्व तर मनातल्या मनात पण राहू शकते. त्यानं नेमकं कुनाचं काय केलं, की एवढी शिक्षा?”

“पाहून सांगते,” मी म्हणाले. तास संपल्यावर मी ग्रंथालयात जाऊन संदर्भाचा एक जाडजूड ग्रंथ काढला. त्याची पानं एकमेकांना चिकटलेली होती. त्यात जे वाचलं ते मी उभ्यानंच वाचलं. जुन्या ग्रीसमध्ये हा शब्द मनातल्या भावनेचा नव्हता. तो एका कृत्याचा होता आणि कायद्यात तो गुन्हा होता. रागानं कुणाला मारलं तर तो गुन्हा वेगळा. सूड घेतला तर तो वेगळा. पण ज्यात आपला काही फायदा नाही, समोरच्यानं आपलं काही बिघडवलेलं नाही, आणि तरी चारचौघांत त्याला खाली पाडायचं, निव्वळ मजा येते म्हणून, तो ह्युब्रिस. मजा कशाची, तर तो खाली गेला की आपण वर आहोत असं वाटण्याची.

चौदा वर्षं मी मुलांना देव, राजे आणि नाश सांगत होते. तो शब्द कचोरी खाता खाता करता येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मी तडक सरांच्या केबिनमध्ये गेले. माझा आवाज चढलेला होता. तो व्हिडिओ ग्रुपवरून काढायला लावा, मी म्हणाले, आणि मावशींच्या घरी जाऊन त्यांची माफी मागा.

“माफी? कशाची?” त्यांना खरंच कळलं नव्हतं. “अहो, मजा केली. त्या पण हसल्या.”

“त्या हसल्या, कारण दुसरं काय करणार होत्या?”

मग मी त्यांना त्या शब्दाचा अर्थ सांगितला. त्यांनी खुर्चीत मागे टेकून ऐकून घेतलं, जसं एखाद्या विद्यार्थिनीचं ऐकावं.

“म्हणजे आम्ही शोकांतिकेचे नायक झालो म्हणायचं,” ते म्हणाले. “मग आता आमचा नाश कधी?”

“सर, मी थट्टा करत नाही.”

“मीही नाही.” त्यांनी मोबाइल उचलला, व्हिडिओ लावला, बोटानं पुढे सरकवला आणि पडदा माझ्याकडे वळवला. “या कोण?”

तिसरी रांग. माझं उघडं तोंड. त्यांनी ते चित्र तिथंच थांबवून धरलं होतं. मी बाहेर आले. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी माझा उल्लेख ‘आमच्या ग्रीक मॅडम’ असा केला आणि सगळे हसले. मावशींना चार वेळा पहिल्यापासून वाचायला लावलं तेव्हा हॉलमध्ये जे हसू होतं, तेच होतं ते.

रविवारी मी मावशींच्या गावी गेले. गाव लोणारच्या रस्त्यावर, फाट्यावर उतरून थोडं आत चालावं लागतं. मावशी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी आतून पाणी आणून दिलं. चहा ठेवला नाही. आमच्या भागात घरी आलेल्याला चहा न ठेवणं म्हणजे काय ते मला सांगायला नको होतं.

“मावशी, मी माफी मागायला आले.”

“कायची?”

“मी हसले त्याची.”

“हाव. दिसलं मले वरून.” त्यांचे हात थांबले नाहीत. “साहेबाचं मले काई वाटलं नाई. तो मानूस पयलेपासून तसाच हाये. तुमचं वाटलं.”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“आन् एक सांगू? म्या लिवलं तसंच वाचलं असतं तं मी अटकली नसती. माह्या तोंडातलं व्हतं ते. तुमी बदलवलं.”

“मला वाटलं, लोक हसतील.”

“मंग? नाई हासले का?”

मुलीच्या सासरी काय झालं ते विचारायची माझी हिंमत नव्हती. ते त्यांनीच सांगितलं. विहीणबाई घरी जाऊन मुलीला म्हणाल्या होत्या, तुह्या मायले तं धड बोलता बी येत नाई. मुलगी चार दिवस सासूशी बोलली नव्हती. हे सांगताना मावशींचा आवाज पहिल्यांदा हलला. मी रडायला लागले, तर त्या म्हणाल्या, “रडू नका मॅडम. मले आता तुमाले समजवत बसाचं नाई.” मी डोळे पुसून उठले.

काही दिवसांनी मावशी पेन्शनच्या कागदांवर सही घ्यायला कॉलेजात आल्या. मी तेव्हा सरांच्या केबिनमध्ये वेळापत्रक घेऊन उभी होते. आणखी दोघे-तिघे होते. मावशींनी कागद पुढे केला. सही होईपर्यंत थांबल्या. कागद नीट घडी करून कमरेला खोचला, आणि मग पिशवीतून शाल काढून टेबलावर ठेवली.

“साहेब, हे वापस घ्या.”

“का हो मावशी? काय झालं?”

“मी पुसतो म्हनली तं तुमाले लय मजा आली. एवढे साल मी पुसलं, तवा बी मी पुसतोच म्हनत व्हती. तवा नाई हासले तुमी. आता तुमची पाटी तुमी पुसा.”

“अरे वा,” सर म्हणाले, “मावशींना भाषण जमायला लागलं!” दोघे हसले. मी त्या वेळी हसले नाही. एवढंच. बोलले तेव्हाही काही नाही. मावशी माझ्याकडे न पाहता निघून गेल्या.

ती शाल सरांनी कपाटात टाकायला सांगितली. पुढच्या महिन्यात एका व्याख्यात्यांचा सत्कार झाला तेव्हा तीच शाल निघाली. कडेला मावशींच्या सत्काराच्या वेळचा कुंकवाचा डाग होता, म्हणून ओळखली. कुणाला काही वाटलं नाही.

सरांना शिक्षा वगैरे काही झाली नाही. उलट विद्यापीठाच्या एका समितीवर त्यांची निवड झाली आणि आम्ही सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. व्हिडिओ भूगोलाच्या सरांनी माझ्या तिसऱ्यांदा सांगण्यावरून ग्रुपवरून काढून टाकला, पण तोवर तो किती फोनवर गेला असेल कोण जाणे. मी स्टाफरूममध्ये चहाला बसणं सोडलंय. त्यात शौर्य काही नाही. त्या माणसांना खाताना पाहिलं की मला अन्न जात नाही, आणि त्यांच्यात बसलेली मी डोळ्यांसमोर येते. वर्गात तो शब्द आता मी पूर्ण सांगते. यंदा एका मुलानं विचारलं, जे नुसतेच हसतात त्यांच्यासाठी ग्रीक लोकांकडे कुठला शब्द होता का? मी म्हणाले, मला माहीत नाही. पुस्तकात शोधलं, अजून सापडला नाही.

मागच्या महिन्यात मेहकरच्या स्टँडवर मावशी दिसल्या. मुलगी बाळंत झाली होती, त्या खामगावला निघाल्या होत्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“पोरगी झाली.”

“तब्येत बरी ना तिची?”

“बरी हाये.”

बस लागली. त्यांच्याजवळ दोन जड पिशव्या होत्या. डिंकाच्या लाडवांचा वास येत होता. मी एक पिशवी उचलायला वाकले, तर त्या म्हणाल्या, “राहू द्या मॅडम.” आणि दोन्ही पिशव्या घेऊन गर्दीतून वाट काढत वर चढल्या. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी पिशव्या पायाशी लावल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शेजारी बसलेल्या बाईशी बोलायला लागल्या. बस सुटेपर्यंत मी तिथंच होते.